पश्चिमेच्या लोखंडी दाराची धग : गाडीच्या खोलीच्या दारासाठी उष्णतारोधक थर कसा निवडावा

विदर्भातल्या खेड्यांत नवे घर बांधताना ओसरीला लागून गाडीसाठी एक खोली काढण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. या खोलीत दुचाकी किंवा चारचाकी तर असतेच, पण तिच्या जोडीने इन्व्हर्टरची बॅटरी, फवारणीचा पंप, पेरणीसाठी राखून ठेवलेले सोयाबीनचे बियाणे आणि भाव येईपर्यंत थांबवलेला कापूसही तिथेच जाऊन बसतो. खोलीचे दार बहुधा गावातल्याच वेल्डरने अँगलच्या चौकटीवर पत्रा मारून केलेले असते, नाहीतर तालुक्याहून आणलेले गुंडाळीचे शटर असते. एकेरी पत्र्याचे हे दार चोराला अडवते, उन्हाला मात्र अडवत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. चंद्रपूर, अकोला, वर्धा, ब्रह्मपुरी इथेही नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, सुमारास ४५ अंश ओलांडले जाणे नवलाचे राहिलेले नाही. अशा दिवसांत तापलेला पत्रा खोली तापवतो आणि सामाईक भिंतीमागच्या स्वयंपाकघरातला किंवा झोपायच्या खोलीतला कुलर रात्री दहापर्यंत त्या धगीशी झुंजत राहतो.

प्रश्न केवळ आरामाचा नाही. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते, आणि घरी राखलेल्या बियाण्याची ही शक्ती उष्णता व ओलावा यांमुळे ऑक्टोबरच्या मळणीपासून जूनच्या पेरणीपर्यंत झपाट्याने घसरू शकते. म्हणून दाराला उष्णतारोधक थर लावण्याचा विचार योग्यच आहे. मात्र दुकानात जाऊन साहित्य मागण्याआधी दाराचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि ते दार उघडते कसे, हे दोन प्रश्न सोडवले पाहिजेत. पाकिटावरच्या आकड्यांपेक्षा निवड या दोन उत्तरांवरच अधिक ठरते.

आधी दोषी कोण ते ठरवा

मे महिन्याच्या उत्तरार्धात विदर्भात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी उभ्या दारावर ऊन फारसे पडत नाही. ते पडते छपरावर. खोलीवर टिन असेल आणि खोली तीन मीटर बाय सहा मीटरची असेल, तर १८ चौरस मीटर टिन एका बाजूला आणि सहा चौरस मीटरचे दार दुसऱ्या बाजूला, असा हा सामना आहे. अशा घरात दारावर पैसे घालण्याआधी टिनावर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा खाली छत करणे शहाणपणाचे ठरते. वर स्लॅब असेल आणि दार पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल, तर मात्र दुपारी दोननंतर दारच मुख्य दोषी असते. उत्तरेकडच्या दाराला, त्यातही समोर छपरी किंवा कडुनिंब असेल तर, फटी बुजवण्यापलीकडे काही करण्याची गरज सहसा पडत नाही.

खात्री करून घेण्यासाठी मे महिन्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास खोली बंद करून आत उभे राहावे आणि तळहात आधी छताकडे, मग दाराकडे, दोन-तीन इंचांच्या अंतरावर धरावा. ज्या बाजूने चेहऱ्याला आणि हाताला अधिक धग जाणवते, ती बाजू आधी हाती घ्यावी. गडद रंगाच्या पत्र्याला हात टेकवू नये, कारण तो ६० अंशांपर्यंत गेलेला असू शकतो. कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची तापमापक बंदूक इथे उपयोगाची नाही. ती शरीराच्या तापमानापुरतीच बनवलेली असते आणि तापलेला पत्रा दिसताच आकडा न दाखवता फक्त इशारा देते. मेकॅनिककडे असते तशी औद्योगिक बंदूक मिळाली तर उत्तम.

ऊन पत्र्यापर्यंत पोहोचूच न देणे

आतून थर लावण्याआधी बाहेरून ऊन अडवणे नेहमीच स्वस्त पडते आणि पुष्कळदा पुरेसेही असते. आपल्याकडे पऱ्हाट्या-तुराट्यांचे कुड आणि बांबूचे तट्टे यांचा उपयोग पिढ्यान् पिढ्या याच कामासाठी झाला आहे. दारासमोर दोन हात अंतरावर, वरच्या बाजूने उतरता, तट्ट्याचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा केला तर पत्र्यावर थेट ऊन पडत नाही आणि मधली हवाही खेळती राहते. जाळी दारालाच चिकटवून बांधली तर तिचा बराचसा फायदा वाया जातो, कारण तापलेली जाळी मग पत्र्यालाच तापवते.

दुसरा उपाय रंगाचा. विदर्भात दारांना गडद तपकिरी किंवा काळपट निळा रंग देण्याची आवड आहे. दिसायला तो रंग रुबाबदार खरा, पण पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक ऊन तो शोषून घेतो. स्वच्छ पांढरा रंग साधारण ३० टक्केच शोषतो. पश्चिमेच्या दाराला फक्त हा रंग बदलल्याने आत येणारी उष्णता निम्म्याच्या आसपास येऊ शकते, हे पुढच्या हिशेबात दिसेल. काळ्या मातीची धूळ बसून पांढरा रंग मळतो, म्हणून फेब्रुवारीअखेर दार एकदा साबणाच्या पाण्याने धुवावे.

फटी

गरम वारा दाराखालून आणि दोन फळ्यांच्या मधून आत शिरतो, तेव्हा आतला थर कितीही जाड असला तरी तो निरुपयोगी ठरतो. भर दिवसा दार बंद करून, दिवा न लावता, आत पाच मिनिटे थांबावे. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथे खडूने खूण करावी. खालच्या फटीला ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेले रबर, बाजूंना ईपीडीएम या ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराची पट्टी आणि सरकत्या फाटकाला ब्रशची पट्टी असा साधारण नियम ठेवावा. खालचे रबर जमिनीला घट्ट टेकत असेल तर घूस, उंदीर आणि पावसाळ्यात विंचू-सापही बाहेर राहतात, हा लाभ पुष्कळांना उष्णतेपेक्षा मोठा वाटेल.

दार उघडते कसे, त्यावर साहित्य

सर्वांत सोपे काम दोन फळ्यांच्या लोखंडी दाराचे आहे. अशा दाराला आतल्या बाजूने अँगलची किंवा चौकोनी पाइपची चौकट असते आणि मध्ये आडवे-तिरपे आधार असतात. या आधारांमुळे पत्र्याच्या आत २५ ते ४० मिलिमीटर खोलीचे कप्पे आपोआप तयार झालेले असतात. त्या कप्प्यांत बसेल असा कडक फळीसारखा थर घ्यावा.

गुंडाळीच्या शटरला यातले काहीच चालत नाही. पट्ट्या वर ढोलावर गुंडाळल्या जातात. त्यांच्यावर चार-पाच मिलिमीटरचा थर चिकटवला तरी गुंडाळी जाड होऊन खोक्यात अडकते आणि वाढलेल्या वजनाने स्प्रिंगचा तोल बिघडतो. तरीही शटरवर चंदेरी पत्रक चिकटवून देणारे भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. शटर असेल तर त्याच्या आत अर्धा फूट अंतर सोडून जाड ताडपत्री आणि तिच्या मागे दहा मिलिमीटरचा एक्सएलपीई (पॉलिथिनचा लवचिक) फोम असा सरकता पडदा लावावा, किंवा हलक्या चौकटीच्या दोन आतल्या फळ्या बसवाव्यात. नवे शटर घ्यायचे असल्यास दुहेरी ॲल्युमिनियमच्या, मध्ये फोम भरलेल्या पट्ट्यांची शटरे मिळतात. ती महाग असली तरी थर गुंडाळीसकट बनवलेला असल्याने कटकट राहत नाही.

सरकत्या फाटकाच्या बाबतीत भिंत आणि फाटक यांच्यामधली जागा आधी मोजावी, कारण आत लावलेला थर भिंतीला घासला तर तो एका हंगामातच फाटतो. वर सरकणारी पट्ट्यापट्ट्यांची दारे शहरातल्या काही बंगल्यांना दिसतात. ती फोम भरूनच येतात, तेव्हा त्यांचा विचार इथे करण्याचे कारण नाही.

कोणते साहित्य

थर्माकोल गावागावात मिळतो, हलका असतो आणि स्वस्त असतो. पण बाजारात दोन प्रकारचा थर्माकोल एकाच नावाने विकला जातो: टीव्हीच्या खोक्यात येतो तो विरळ, आणि बांधकामाचा घट्ट. दारासाठी घनता घनमीटरला १६ किलो किंवा त्याहून अधिक असावी. दुकानदाराला घनता विचारली तर तो काहीही सांगेल. त्याऐवजी एक मीटर बाय अर्धा मीटर आकाराचा २५ मिलिमीटर जाडीचा ताव किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावा. वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरले तर माल बरोबर आहे. १०० ते १२५ ग्रॅम भरले तर ते खोक्यातलेच सामान आहे. कोपरा मोडून पाहिल्यावर विरळ मालाचे दाणे सुटे होऊन हातभर पसरतात, घट्ट माल मात्र दाण्यांच्या आरपार तुटतो. थर्माकोल ७५ ते ८० अंशांच्या पुढे मऊ पडून आकसू लागतो, म्हणून गडद रंगाच्या पश्चिमेच्या दारामागे तो लावायचा तर आधी बाहेरचा रंग पांढरा करावा.

एक्सपीएस ही त्याच कुळातली पण बंद पेशींची, रंगीत आणि अधिक कडक फळी असते. ती पाणी जवळजवळ शोषत नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या जास्त पावसाच्या जिल्ह्यांत, जिथे दारावर पावसाचा मारा थेट येतो, तिथे माझी पसंती हिलाच आहे. अकोला-बुलढाण्याकडे पाऊस त्या मानाने बराच कमी असल्याने चांगला थर्माकोल चालून जातो.

पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, उष्णता अडवण्यात या सर्वांत सरस आहे. जितके काम थर्माकोलचे ३६ मिलिमीटर करतात तितके पफचे साधारण २५ मिलिमीटर करतात. दार नव्याने बनवायचे असेल तर दोन्ही बाजूंनी रंगीत पत्रा आणि मध्ये पफ असलेले तयार पॅनल चौकोनी पाइपच्या चौकटीत नट-बोल्टने बसवून घ्यावे. जुन्या दारासाठी मात्र त्याच्या मागे धावण्याची गरज नाही.

काचलोकर टिकाऊ आणि न जळणारी असली तरी रोज उघड-बंद होणाऱ्या दारात ती हादऱ्यांनी खाली बसते, वरचा अर्धा भाग रिकामा होतो, आणि ओली झाली की काम सोडते. तिच्याऐवजी दगडी लोकरीची कडक फळी घ्यावी. ज्या खोलीत कापूस किंवा डिझेलचे कॅन राहतात तिथे वजन वाढले तरी हीच फळी योग्य. नायट्रिल रबर आणि एक्सएलपीईची चिकट पाठीची पत्रके दहा-बारा मिलिमीटर जाडीत मिळतात. वेड्यावाकड्या, कप्पे नसलेल्या दाराला ती सोयीची पडतात.

राहता राहिले बुडबुड्यांचे चंदेरी पत्रक. तालुक्याच्या दुकानात हमखास ऐकू येते, "घ्या ना भाऊ, हे चांदीवालं लावा, कुलर लावाचं कामच नाही!" चंदेरी पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो हे खरे आहे, पण त्यासाठी त्याच्यासमोर २० ते २५ मिलिमीटर मोकळी हवा लागते. पत्र्याला सपाट चिकटवले की उष्णता स्पर्शानेच पुढे जाते आणि उरतो तो चार मिलिमीटर प्लास्टिकचा थर. हवेची जागा ठेवून, धूळ न बसू देता लावल्यास ते उपयोगी आहे. एरवी ते फक्त चकाकते.

ऑनलाइन मिळणाऱ्या काही संचांवर अमेरिकी पद्धतीचे आर-मूल्य, म्हणजे थर उष्णतेला किती अडवतो याचा आकडा, छापलेले असते. त्या आकड्याला ५.७ ने भागले की आपल्याकडच्या मेट्रिक एककातले मूल्य मिळते. आठ मिलिमीटरच्या कोणत्याही साध्या फोमचे अमेरिकी आर-मूल्य सव्वा-दीडच्या पुढे जात नाही. पाकिटावर आठ किंवा सोळा लिहिले असेल तर तो आकडा हवेच्या अनेक थरांसकट धरलेला आहे, किंवा निव्वळ फुगवलेला आहे.

जाडी किती घ्यावी

अडीच मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच, म्हणजे सहा चौरस मीटरचे पश्चिमेचे गडद दार हिशेबासाठी धरू. बाहेर ४३ अंश, खोलीत ३८ अंश, आणि ऊन जमेस धरता दाराच्या बाहेरच्या बाजूला सुमारे ६५ अंशांइतका ताप, अशी दुपारची स्थिती मानू. एकेरी पत्र्यातून तेव्हा साधारण ९५० वॅट उष्णता आत येते. दाराच्या जागी हजार वॅटची शेगडी पेटवून ठेवावी तसा हा प्रकार आहे. नुसता पांढरा रंग दिला तर हा आकडा सव्वाचारशेच्या आसपास येतो. गडद रंग तसाच ठेवून दहा मिलिमीटरचे रबर लावले तर साडेतीनशे, २५ मिलिमीटर थर्माकोल लावला तर १९०, आणि ५० मिलिमीटर लावला तर १०५ वॅट.

पहिल्या २५ मिलिमीटरांनी ७६० वॅट वाचले, पुढच्या २५ मिलिमीटरांनी फक्त ८५. म्हणूनच दुप्पट जाडीचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नये. पांढरा रंग, बुजवलेल्या फटी आणि अँगलच्या कप्प्यात बसेल तेवढी, म्हणजे २५ ते ४० मिलिमीटरची फळी, एवढे विदर्भातल्या घरासाठी पुरेसे आहे. ५० मिलिमीटरच्या वर जाण्याचे कारण त्या खोलीत एसी बसवायचा असेल तरच उरते.

दोन फळ्यांच्या दारावर प्रत्यक्ष काम

वेल्डिंगचे जे काही काम असेल ते थर लावण्याआधी पूर्ण करून घ्यावे. दार खाली बसून फरशीला घासत असेल तर आधी कब्जे बदलावेत आणि प्रत्येक फळीला तिसरा कब्जा द्यावा. वजनाचा अंदाज असा: २५ मिलिमीटर थर्माकोल पूर्ण दाराला अडीच किलोसुद्धा भरत नाही, पण त्यावर झाकण म्हणून लावलेला ०.४ मिलिमीटरचा रंगीत पत्रा २० किलोच्या घरात जातो, आणि सहा मिलिमीटरची सिमेंट फायबरची फळी ५० किलोच्या आसपास. म्हणजे कब्ज्यांवर खरा भार थराचा नसून झाकणाचा येतो.

त्यानंतर आतला पत्रा तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा, थिनरने पुसावा आणि रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत. ही पायरी वगळण्याचा मोह होतो. परंतु एकदा थर लागला की आतला गंज दिसणार नाही आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे पत्र्याला आतून सुटणारा ओलावा त्याच जागी मुरेल. प्रायमर दोन दिवस वाळू द्यावा.

प्रत्येक कप्पा स्वतंत्र मोजावा, कारण गावात बनलेल्या दाराचे कोन क्वचितच काटकोनात असतात. कागदाचा नमुना कापून त्यावरून फळी कापली तर माल वाया जात नाही. फळी कप्प्यात हलक्या दाबाने बसावी. सर्वांत खालच्या कप्प्यात तळाशी २५ मिलिमीटर जागा मोकळी सोडून पत्र्याच्या काठाला दोन बारीक भोके ठेवावीत, म्हणजे आत शिरलेले पाणी निघून जाईल. चिकटवण्यासाठी रबर सोल्युशन वापरू नये. त्यातले द्रावण थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही विरघळवते आणि फळीच्या जागी चिकट खड्डे उरतात; टर्पेंटाइनचा ऑइल पेंटही तेच करतो. न्यूट्रल सिलिकॉन किंवा फोमसाठीचा पीयू (पॉलियुरेथेनचा) गोंद घ्यावा, आणि तोही आधी तुकड्यावर लावून रात्रभर ठेवून पाहावा. कडांच्या फटी डब्यातल्या पीयू फोमने भराव्यात. तो फुगतो, म्हणून फट अर्धीच भरावी.

अँगलचे लोखंड उघडे राहिले तर उष्णता त्याच्यामधून वाट काढते. झाकणाचा पत्रा स्क्रूने कसण्याआधी अँगलवर तीन मिलिमीटरची रबरी पट्टी चिकटवावी. झाकणासाठी प्लायवूड घेऊ नये, उधळी (वाळवी) लागते. उघडा थर्माकोल तर मुळीच ठेवू नये, कारण उंदीर तो खात नसले तरी कुरतडून त्यात बिऱ्हाड करतात. रंगीत पत्र्याचे झाकण उंदीर, उधळी आणि ठिणगी या तिन्हींना पुरून उरते.

आग आणि हवा

थर्माकोल, एक्सपीएस आणि पफ हे तिन्ही जळतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. अग्निरोधक प्रतीचा माल मागितला तरी तो अजिबात जळत नाही असा अर्थ होत नाही. ज्वाला काढून घेतली की तो विझतो, इतकेच. म्हणून थर लागल्यानंतर त्या दारावर वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवायचा असेल तर आधी झाकण आणि थराची फळी काढावी.

फटी बुजवल्यावर खोली घट्ट होते, आणि तिथे पेट्रोलची गाडी उभी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. तेव्हा भिंतीत खाली एक आणि समोरच्या भिंतीत छताजवळ एक, अशा जाळी लावलेल्या दोन झरोक्यांची सोय ठेवावी, शक्यतो उत्तर-पूर्वेच्या सावलीतल्या बाजूंना. दार बंद असताना इंजिन सुरू ठेवू नये. फवारणीची औषधे या खोलीत ठेवत असाल तर ती बियाण्याच्या आणि घरात उघडणाऱ्या दाराच्या जवळ नकोत.

पहिल्या पावसाळ्यानंतर खालच्या भोकांत माती बसली आहे का, ते सळईने पाहून घ्यावे. नवतप्याआधी कब्ज्यांना ग्रीस द्यावे आणि खालचे रबर वाकवून तपासावे. त्याला बारीक चिरा दिसू लागल्या की ते त्याच आठवड्यात बदलावे.